दंतवैद्य घडताना: हाताबरोबर वागण्याचीही परीक्षा

बीडीएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी रुग्णाला खुर्चीत बसवतो आणि नेमून दिलेले काम करतो. कधी दात काढायचा असतो, कधी कीड कोरून तिथे भरण करायचे असते, कधी बोळक्या तोंडाचे कवळीसाठी माप घ्यायचे असते. परीक्षक आरसा आणि टोकदार प्रोब घेऊन काम तपासतात. खळग्याच्या कडा नीट आल्या का, हिरडीला इजा झाली का, माप सगळीकडून उमटले का, हे पाहून झाले की दोन-चार तोंडी प्रश्न होतात आणि गुण पडतात. भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीनुसार विषयाला एकूण २०० गुण असतात. त्यातले १०० लेखी बाजूचे: विद्यापीठाचा पेपर ७०, तोंडी २०, अंतर्गत १०. उरलेले १०० प्रात्यक्षिकाचे: विद्यापीठाचे ९० आणि अंतर्गत १०. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात. रुग्णाला काय सांगितले, त्याला ते कळले का, सुई टोचण्याआधी त्याची परवानगी कशी मागितली, दुखू लागल्यावर विद्यार्थी थांबला की रेटत राहिला, चूक झाली तेव्हा ती लपवली की मार्गदर्शकाला सांगितली, यांतल्या कशालाही या मांडणीत स्वतःचा रकाना नाही. एखादा परीक्षक ते मनाशी टिपतो, एखादा टिपत नाही, आणि विद्यार्थ्याला ते शेवटपर्यंत कळत नाही.

दंतशास्त्रात ही उणीव इतर वैद्यकीय शाखांपेक्षा जास्त बोचते. एमबीबीएसचा विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत बहुतांशी पाहतो, विचारतो, लिहून घेतो. मोठा निर्णय आणि मोठी कृती वरिष्ठाच्या हातात असते. बीडीएसचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापासून ओपीडीत उभा राहतो आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने काम करू लागतो. त्यातले बरेचसे काम मागे घेता येत नाही. काढलेला दात पुन्हा बसत नाही, कोरलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. अवघ्या विशीतल्या मुलामुलींवर ही जबाबदारी येते. रुग्ण पूर्ण शुद्धीत, आडवा झालेला, डोळ्यांवर दिव्याचा झोत, तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी असा असतो. त्याला बोलता येत नाही. तो फक्त हात वर करू शकतो किंवा खुर्चीचा दांडा घट्ट धरू शकतो. समोरच्याच्या तोंडावर मास्क असल्यामुळे त्याला चेहराही वाचता येत नाही. अशा वेळी संवादाचा सगळा भार विद्यार्थ्याच्या आवाजावर, नजरेवर आणि योग्य क्षणी थांबण्यावर येतो.

दातांच्या उपचारांची भीती ही काही मनाची दुबळीक नव्हे. तिचे मोजमापही झालेले आहे. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये केवळ चार प्रश्नांची एक मोजपट्टी मांडली. उद्या दवाखान्यात जायचे आहे, बाहेर बसून नंबराची वाट पाहताय, डॉक्टर ड्रिल हातात घेतायत, दात साफ करायची हत्यारे मांडतायत, अशा प्रसंगी मनाचे काय होते एवढेच ती विचारते. पुढे तिच्यात इंजेक्शनचा पाचवा प्रश्न जोडला गेला. मुलांसाठी त्याही आधी, १९५९ मध्ये, ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही पद्धत मांडली गेली: आधी मुलाला त्याच्या भाषेत सांगायचे, मग हत्यार त्याच्या नखावर किंवा तळहातावर फिरवून दाखवायचे, आणि मगच तोंडात न्यायचे. बालदंतचिकित्सेच्या पेपरात ही पद्धत पाच गुणांच्या टिपेला हमखास येते. विद्यार्थी ती मुद्देसूद लिहितो. त्याच आठवड्यात रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासमोर तो ती वापरतो का, हे मात्र कोणी नोंदवून ठेवत नाही.

तपासायचे काय, हे आधी नक्की केले नाही तर ‘चांगले वागणे’ हा शब्द धुरकट राहतो. विद्यार्थ्याच्या मनात काय आहे हे परीक्षकाला दिसत नाही. दिसते ती कृती. त्यामुळे सहृदयता, प्रामाणिकपणा, आदर असे गुण दिसण्याजोग्या कृतींत उतरवावे लागतात. आदर म्हणजे रुग्णाला त्याच्या नावाने किंवा योग्य नात्याने हाक मारणे. वाडा-मोखाड्याकडून आलेल्या वारली म्हातारीला ‘ए आजी, तोंड उघड’ म्हणणारा आणि ‘आजी, जरा तोंड उघडता का’ म्हणणारा विद्यार्थी यांतला फरक कोणालाही ऐकू येतो. तोच विद्यार्थी चांगल्या कपड्यांतल्या रुग्णाला आपसूक ‘अहो’ म्हणत असेल, तर नोंद करण्यासारखी गोष्ट तिथेच सापडते. प्रामाणिकपणा म्हणजे न केलेल्या तपासणीची नोंद कागदावर न करणे, मुळाचा तुकडा आत राहिला तर ते रुग्णाला आणि मार्गदर्शकाला सांगणे. जबाबदारी म्हणजे कोणी पाहत नसतानाही हातमोजे बदलणे, निर्जंतुक न केलेले हत्यार परत पाठवणे, दिलेल्या तारखेला हजर असणे. गोपनीयता म्हणजे एचआयव्ही किंवा कावीळ असलेल्या रुग्णाचा आजार ओपीडीभर ऐकू जाईल असा न उच्चारणे, रुग्णाच्या तोंडाचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर न टाकणे. सहकार्य म्हणजे मदतनिसाशी, तंत्रज्ञाशी, कनिष्ठ विद्यार्थ्याशी आवाज न चढवता बोलणे.

यांत संमतीचा मुद्दा सर्वांत जड आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमती म्हणजे काय हे स्पष्ट केले. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढे पुरेसे कळले पाहिजे. आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढा अपवाद. तो खटला स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेचा होता, पण दाताच्या खुर्चीत तसाच प्रसंग रोज येतो. रुग्ण खालची दाढ दाखवायला आलेला असतो, विद्यार्थ्याला शेजारच्या दाताचीही कीड दिसते, आणि भूल दिलेलीच आहे तर तोही कोरून टाकावा असे वाटते. छापील संमतीपत्रावर सही किंवा अंगठा असतोच. त्या कागदामागे खरे बोलणे झाले का, हे तपासायचे तर कागद पाहून भागत नाही, बोलणे ऐकावे लागते.

इथे दंत महाविद्यालयांतल्या एका जुन्या व्यवस्थेचा उल्लेख करणे भाग आहे. प्रत्येक विभागात विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने कामे पूर्ण करायची असतात. विद्यार्थी तिला ‘कोटा’ म्हणतात. इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या केल्या की मगच वही सही होते. सरावासाठी संख्या लागते हे खरेच आहे. पण वर्ष संपत आले आणि कोटा बाकी असला की विद्यार्थ्याची गरज आणि रुग्णाची गरज एकमेकींसमोर उभ्या राहतात. वाचू शकणारा दात काढायच्या यादीत जातो, ज्याला कवळीची घाई नाही त्याला ती घ्यायला पटवले जाते, दुसऱ्याने आणलेला रुग्ण आपल्या नावावर चढवला जातो. व्यावसायिक नीती शिकवण्याच्या तासापेक्षा हा कोटा विद्यार्थ्याला जास्त शिकवतो, आणि जे शिकवतो ते दुर्दैवाने उलटे असते. काम किती झाले याच्या जोडीला ‘हे काम या रुग्णाला लागत होते का, आणि ते त्याला कसे समजावले’ हा प्रश्न प्रत्येक नोंदीखाली विचारला, तर या व्यवस्थेची धार बरीच बोथट होईल.

असे कौशल्य कुठे कसाला लागते हे पाहायचे असेल तर पालघर जिल्ह्याकडे पाहावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. बोईसरजवळ पाम, कुंभवली, कोलवडे, सरावली ही गावे तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहेत. पश्चिमेला समुद्रकाठी सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी इथली मांगेला कोळ्यांची वस्ती. पूर्वेला घाटाच्या पायथ्यापर्यंत वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी पाडे. मध्ये रासायनिक आणि कापड कारखान्यांत काम करणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कंत्राटी कामगार. आणि १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबे. एकाच सकाळी एकाच दवाखान्यात वारली, मांगेली, वाडवळी, भोजपुरी आणि गुजराती कानावर पडू शकते. दातदुखीने रात्र जागून काढलेला माणूस प्रमाण मराठीत उत्तर देईल अशी अपेक्षा ठेवणारा डॉक्टर इथे फार काळ टिकत नाही.

त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात; ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के. राज्यात तंबाखू मुख्यतः तोंडातच असते, म्हणजे दंतवैद्याच्या नजरेच्या टप्प्यात. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, तरी सुपारी आणि तंबाखूने आखडलेली तोंडे ओपीडीत येतच आहेत. अशा माणसाला ‘तंबाखू सोडा’ एवढे दरडावून सांगणे सोपे आहे. किती आणि कधी खाता हे न दुखावता विचारणे, सोडायची तयारी कितपत आहे हे जोखणे, तारीख ठरवायला मदत करणे आणि पुन्हा भेटायला बोलावणे हे शिकावे लागते, आणि म्हणूनच ते तपासताही येते.

वैद्यकीय शिक्षणात अशा कौशल्यांची परीक्षा घेण्याचा विचार गेल्या साठ वर्षांत आकाराला आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. प्रत्येक विद्यार्थ्याला तोच ‘रुग्ण’, तीच लक्षणे, तेच प्रश्न. त्यामुळे तुलना शक्य झाली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात रोनाल्ड हार्डन यांनी टप्प्याटप्प्यांची परीक्षा मांडली. ती आज ‘ऑस्की’ या नावाने जगभर चालते. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांनी सरकत जातो, प्रत्येक टेबलावर एक छोटे काम आणि वेगळा परीक्षक असतो. एका परीक्षकाची लहर किंवा एका अवघड रुग्णाचे दुर्दैव यामुळे सगळा निकाल फिरत नाही, हे तिचे बळ. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे, आणि प्रत्यक्ष कामात ते करत असणे. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांपाशी थांबतो, ऑस्की तिसरीपर्यंत पोचते. चौथ्या पायरीसाठी खऱ्या कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते.

तारापूरच्या वास्तवावर बेतलेले एक टेबल असे असू शकेल. भूमिका करणारा माणूस कारखान्यातला कंत्राटी कामगार आहे, पाममध्ये भाड्याच्या खोलीत राहतो. दाढ ठणकते म्हणून आला आहे. तोंड जेमतेम दोन बोटे उघडते आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, तो खरवडून निघत नाही. त्याला दात लगेच काढून हवा आहे, कारण दिवस बुडाला की पगार बुडतो. विद्यार्थ्याकडे दहा मिनिटे आहेत. दुखणे नीट विचारले का. माणूस स्वतःहून चट्ट्याबद्दल बोलत नाही, मग तो विषय कसा काढला. ‘कॅन्सर’ हा शब्द धाडकन टाकला की लपवला, की ‘हा चट्टा तपासून घ्यायलाच हवा, त्यासाठी छोटा तुकडा काढून पाहतात’ असे सरळ सांगितले. रूट कॅनालला तीन-चार फेऱ्या लागतील आणि पैसे किती हे उघड केले का. दात काढण्याचा पर्याय, त्यानंतर चावण्याची अडचण, दोन्ही बाजू मांडल्या का. परळच्या टाटा रुग्णालयाकडे पाठवायचे तर विरारला गाडी बदलून कुठे उतरायचे, कोणती कागदपत्रे न्यायची, हे सांगितले का. आणि शेवटी, ‘आता घरी गेल्यावर तुम्ही काय काय करणार, ते मला सांगा बरं’ असे विचारून त्याच्या तोंडून ऐकले का. या शेवटच्या एका वाक्याला वेगळे गुण ठेवावेत इतके ते मोलाचे आहे.

अशा टेबलावर गुण देण्याचे दोन मार्ग आहेत. एक यादीचा: अमुक विचारले, बरोबरची खूण, तमुक सांगितले, बरोबरची खूण. दुसरा एकंदर छाप पाहून श्रेणी देण्याचा. यादीचा फायदा असा की तीत मनमानीला जागा कमी. तोटा असा की चलाख विद्यार्थी यादी पाठ करतो आणि डोळे घड्याळाकडे ठेवून सगळे प्रश्न विचारतो. नम्रतेची सगळी वाक्ये म्हणून झाली, पण समोरचा माणूस घाबरलेलाच राहिला, असे होऊ शकते. म्हणून संवादाच्या टेबलांवर छोटी यादी आणि जोडीला एकंदर श्रेणी, असा मिलाफ चांगला. श्रेणीच्या प्रत्येक पायरीला मात्र वर्णन हवे. ‘साधारण’, ‘चांगले’, ‘उत्तम’ असे कोरे शब्द परीक्षकागणिक वेगळे अर्थ घेतात. ‘रुग्ण बोलत असताना मध्येच तोडले’, ‘ऐकले पण उत्तर त्याच्या चिंतेला धरून नव्हते’, ‘त्याची चिंता त्याच्याच शब्दांत पुन्हा मांडून मग उत्तर दिले’ अशा पायऱ्या असल्या तर दोन परीक्षकांचे गुण जवळ येतात. भूमिका करणाऱ्यालाही श्रेणी द्यायला सांगावे. दुखरी बाजू त्याची असते.

खऱ्या खुर्चीपाशी पाहण्यासाठी अमेरिकेत १९९० च्या दशकात जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी ‘मिनी-सीईएक्स’ नावाची पद्धत रुळवली. मार्गदर्शक पंधरा-वीस मिनिटे बाजूला उभा राहून विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णासोबत पाहतो, मध्ये पडत नाही. मग एक ते नऊ अशा श्रेणीवर काही मुद्द्यांची नोंद करतो आणि लगेच पाच मिनिटे विद्यार्थ्याशी बोलतो. बळ त्या पाच मिनिटांत आहे. भारतीय दंत महाविद्यालयात मार्गदर्शक बहुधा दोन वेळा येतो, काम सुरू करायची परवानगी द्यायला आणि झालेले काम पाहून सही करायला. मधला सगळा वेळ, ज्यात रुग्णाशी बोलणे घडते, त्याच्या नजरेआड जातो. पद्धत स्वस्त आहे, यंत्र लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ. पण एकदा-दोनदा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. तोच विद्यार्थी शांत रुग्णासमोर गोड बोलतो आणि चिडलेल्या नातेवाइकासमोर उखडतो. वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळी कामे आणि वेगवेगळे निरीक्षक मिळून बऱ्याच नोंदी जमल्या तरच चित्र भरवशाचे होते. एकाच परीक्षकाने जास्त वेळ पाहण्यापेक्षा अनेकांनी थोडा थोडा वेळ पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते.

शिक्षकाच्या नजरेबाहेरही साक्षीदार असतात. ओपीडीतल्या मावशी आणि मामा, हत्यारे निर्जंतुक करणारा मदतनीस, कवळीच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, बरोबरीचे विद्यार्थी. शिक्षक आला की आवाज मऊ होतो. मावशींसमोर तो मूळ पट्टीत असतो. या सगळ्यांकडून निनावी आणि छोटी प्रश्नावली भरून घेण्याला बहुस्रोत मूल्यांकन म्हणतात. भारतीय रुग्णालयांत ते रुजवताना श्रेणीची उतरंड आडवी येते: तंत्रज्ञाने डॉक्टरबद्दल लिहायचे, हे काहींना रुचत नाही. ही अडचण खरी आहे आणि ती ओलांडणे गरजेचे आहे, कारण मदतनिसाशी तुसडेपणाने वागणारा दंतवैद्य हत्यारांच्या शुद्धतेबद्दलची त्याची सूचनाही ऐकत नाही.

रुग्णाचे मत घेणे दिसायला सर्वांत सोपे, प्रत्यक्षात सर्वांत निसरडे. शासकीय किंवा महाविद्यालयीन ओपीडीत अल्प खर्चात उपचार घेतलेला माणूस ‘डॉक्टर कसे वाटले’ या प्रश्नाला ‘लय भारी’ किंवा ‘चांगले हायेत’ असेच उत्तर देतो. त्यात कृतज्ञता असते, थोडी भीतीही असते. म्हणून समाधानाबद्दल न विचारता घडलेल्या गोष्टीबद्दल विचारावे. दात काढल्यावर कापूस किती वेळ चावून धरायला सांगितला? आज थुंकायचे की नाही? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आज की उद्यापासून? भूल देण्याआधी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारले का? ही विचारपूस विद्यार्थ्याने करायची नाही; दाराशी बसलेल्या दुसऱ्या कोणीतरी, रुग्णाच्या बोलीत करायची. उत्तरे चुकली तर चूक रुग्णाची मोजायची नाही.

विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेली चिंतनवही हाही एक मार्ग सांगितला जातो. शिकण्यासाठी ती उत्तम, गुणांसाठी फसवी. गुण मिळणार म्हटले की परीक्षकाला आवडेल असा पश्चात्ताप लिहिला जातो. ती मार्गदर्शकाशी बोलण्याचे निमित्त म्हणून ठेवावी आणि गुणांच्या हिशेबातून वगळावी, हेच शहाणपणाचे.

मोजणाऱ्याच्या चुकाही माहीत असलेल्या बऱ्या. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते की माणसाचा एखादा गुण आवडला की त्याचे बाकीचे गुणही आपल्याला उजवे वाटू लागतात. हाताने सफाईदार असलेला विद्यार्थी बोलण्यातही चांगला ठरवला जातो, न ऐकताच. काही परीक्षक स्वभावतः कडक, काही सैल. महाराष्ट्रात याला भाषेची जोड मिळते. परीक्षा इंग्रजीत असते; मुंबईत वाढलेला, सफाईने इंग्रजी बोलणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत आत्मविश्वासू दिसतो. जव्हारच्या आश्रमशाळेतून शिकत आलेला विद्यार्थी तिथे अडखळतो, पण वारली आजीशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलून तिची भीती घालवतो. संवादकौशल्य तपासायचे तर त्याची भाषा रुग्णाची असली पाहिजे, परीक्षकाची नव्हे. आजच्या तोंडी परीक्षेत हे नेमके उलटे होते.

देशात या दिशेने पाऊल पडले ते आधी वैद्यकीय शाखेत. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा अभ्यासक्रम तयार केला आणि २०१९ पासून एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्यांसाठी तो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचा भाग झाला. दंतशाखेत नीतिशास्त्र आणि वर्तनविज्ञान अभ्यासक्रमात आहेत, दंतवैद्यांसाठीची आचारसंहिता १९७६ ची असून २०१४ मध्ये ती सुधारली गेली. प्रवेशाच्या वेळी मात्र ‘नीट’चे गुण तेवढे पाहतात; मुलाखत नसते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ च्या सुमारास छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत आणली आणि इतर देशांतल्या काही दंत महाविद्यालयांनी ती उचलली. भारतात लाखो उमेदवार आणि शिफारशीची भीती पाहता ती इथे आणणे धोक्याचे ठरेल. दारावर गाळणी लावता येत नसेल तर आत आल्यावरचे मूल्यांकन जास्त काळजीने करावे लागते. ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने २०११ मध्ये नव्या दंतवैद्याकडून काय अपेक्षित आहे ते चार गटांत मांडले: उपचार, संवाद, व्यावसायिकता, आणि व्यवस्थापन व नेतृत्व. चारांपैकी तीन गट हाताच्या कौशल्याबाहेरचे होते. भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. त्यात देशपातळीवरच्या अंतिम परीक्षेची तरतूद आहे. ती परीक्षा केवळ पर्यायी उत्तरांची झाली, तर मिलर यांच्या पहिल्या पायऱ्यांवरच सगळा देश पुन्हा उभा राहील आणि महाविद्यालयांचे लक्षही तिकडेच जाईल.

सध्याच्या चौकटीतच वापरण्याजोगी एक जागा मात्र आहे. चार वर्षांनंतरच्या एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये सामाजिक दंतशास्त्र आणि ग्रामीण सेवेसाठी तीन महिने राखलेले आहेत, इतर कोणत्याही विभागापेक्षा जास्त. बऱ्याच ठिकाणी हे दिवस शिबिरे, शाळातपासणी आणि हजेरीत सरतात. खरे तर मिलर यांची चौथी पायरी इथेच आहे. पालघरसारख्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या शिबिरात इंटर्न पाठवला, तर तीन महिन्यांत दर आठवड्याला एक अशा प्रकारे डझनभर पाहिलेले प्रसंग सहज जमतात. निरीक्षक दर वेळी प्राध्यापकच हवा असे नाही. आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी पाहू शकतो, आश्रमशाळेची अधीक्षिका पाहू शकते. आशा सेविकेला तर पाड्यावरच्या लोकांची बोली, भीती आणि मोलमजुरीचे दिवस सगळे माहीत असते; इंटर्नने सांगितलेले रुग्णाला कळले की नाही हे तिच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. तिला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण, चार-पाच प्रश्नांचा मराठी कागद आणि त्या कामाचा रीतसर मोबदला द्यावा. मोबदल्याशिवाय तिच्यावर आणखी एक काम लादणे अन्यायाचे होईल.

या नोंदींपैकी बहुतेकींना गुण नसावेत. त्या सुधारणेसाठी आहेत. इंटर्नने घाई केली, तर त्याला त्याच दुपारी सांगावे आणि पुढच्या आठवड्यात तेच पाहावे. पण काही प्रकार वेगळे असतात. २००५ मध्ये मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांच्या २३५ अशा डॉक्टरांचा अभ्यास केला, ज्यांच्यावर पुढे राज्य मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली होती. कारवाई न झालेल्यांशी तुलना करता त्यांच्या विद्यार्थिदशेत गैरवर्तनाच्या नोंदी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. सर्वांत ठळक दोन खुणा होत्या टोकाचा बेजबाबदारपणा आणि चूक दाखवल्यावरही न सुधारणे. अभ्यास डॉक्टरांचा होता, तरी दंतशाखेला त्यातून धडा घेता येतो: किरकोळ वाटणारी नोंद वेळीच लिहून ठेवणे, आणि ती एका विभागातून दुसऱ्या विभागात पोचणे. आज शस्त्रक्रिया विभागात खोटी नोंद केलेला विद्यार्थी पुढच्या महिन्यात बालदंत विभागात कोऱ्या पाटीने जातो, कारण शिक्षक आपसात बोललेले असले तरी कागदावर काही नसते.

अशा विद्यार्थ्याचे काय करायचे, हे मूल्यांकन सुरू करण्याआधी ठरवून ठेवावे लागते. भाषेची अडचण असेल तर भाषा शिकवावी. घाबरणारा असेल तर भूमिका करणाऱ्या रुग्णासमोर पुन्हा पुन्हा सराव द्यावा. घरच्या ओढाताणीने, आजारपणाने किंवा नैराश्याने कोलमडलेला असेल तर आधी उपचार, मग परीक्षा. वारंवार खोट्या नोंदी करणाऱ्या, संमतीशिवाय दात कोरणाऱ्या किंवा चूक दाखवल्यावर रुग्णालाच दोष देणाऱ्या विद्यार्थ्याबाबत निर्णय एका मार्गदर्शकावर सोपवू नये. तो वेगवेगळ्या विभागांच्या शिक्षकांच्या समितीने, तारखेसह लिहिलेल्या नोंदींवर, विद्यार्थ्याची बाजू ऐकून घ्यावा. त्याला अपिलाची वाट असावी, इंटर्नशिप वाढवण्याची मुदत ठरलेली असावी, आणि हे सगळे त्याचे नाव नोंदणीसाठी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे जाण्यापूर्वी पूर्ण व्हावे.